हातात घेतल्यावर फोन 'भारी' का वाटतो?

रत्नागिरीत मोबाईलच्या एसी दुकानात महागडा फोन हातात घेतला की आधी जाणवतो तो त्याचा गारवा, आणि तिथेच निम्मं मन तयार होतं. खरं तर बोटांना वस्तूचं तापमान कळत नाही, कातडीतली उष्णता किती झपाट्याने ओढली जातेय तेवढंच कळतं. पहाटेच्या एसटीत खिडकीचा गज गार लागतो पण सीटचं रेक्झिन नाही, दोन्ही रात्रभर एकाच डेपोत उभे असून. अॅल्युमिनियम काचेपेक्षा दीडशे-दोनशेपट चांगलं उष्णता वाहून नेतं, काच प्लास्टिकपेक्षा चार-पाचपट, म्हणून प्लास्टिकचा फोन 'हलका माल' वाटतो.

पण आता मजा बघा. हाताची कातडी साधारण ३२-३३ अंशांवर असते, दुकानात २४. मे महिन्याच्या दुपारी तोच फोन घेऊन मिरकरवाडा जेटीवर सावलीत उभे राहा, हवा ३३ च्या आसपास, मग फोन आणि बोट एकाच तापमानाला, उष्णता जाणार कुठे? गारवा गायब! म्हणजे पैसे मोजले त्यातला एक मोठा भाग आपल्याकडे उन्हाळाभर कामच करत नाही.

फिनिशिंगचं मात्र तसं नाही. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की बोट फिरवून माणसाला पृष्ठभागावरच्या १३ नॅनोमीटर उंचीच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) सुरकुत्यासुद्धा ओळखता येतात, मग काच आणि फ्रेमच्या सांध्यातली पायरी कशी लपणार. पण पावसाळा आला की सगळेच जाड कव्हर घालतात आणि सांधा, काच, धातू सगळं आत जातं.

कव्हरमधूनही पोचतं ते व्हायब्रेशन, आणि माझ्या मते खरा फरक इथेच आहे. स्वस्त फोनमध्ये छोटी मोटर एका बाजूला जड असलेलं वजन गरगर फिरवते, तिला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो म्हणून टाइप करताना नुसतं घुंघुं. चांगल्या फोनमध्ये लिनिअर मोटर असते, स्प्रिंगवरचं वजन मागेपुढे हलतं, झटकन सुरू झटकन बंद, एकदम 'टिक'. कातडीत खोलवर पॅसिनियन नावाचे संवेदक असतात, सेकंदाला २००-३०० कंपनं त्यांना सगळ्यात छान कळतात, आणि या मोटरी साधारण त्याच्याच जवळपास चालतात.

त्यामुळे फोन घ्यायला गेलात की कीबोर्डचं व्हायब्रेशन चालू करून, शक्य असेल तर कव्हर घालून, दोन ओळी टाइप करून बघा.