इट्रुस्कन पाषाण-प्राणिशिल्पे

प्राचीन इटलीतील इट्रुस्कन लोकांनी थडग्यांच्या राखणीसाठी घडवलेल्या प्राण्यांच्या दगडी मूर्ती. इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरीपासून सहाव्या शतकात ही कला भरात होती. आजच्या लात्सिओ प्रांतातील व्हुल्ची हे तिचे प्रमुख केंद्र.

सिंह, पंख असलेले सिंह, स्त्रीमुखी स्फिंक्स, बिबळे, मेंढे आणि नराश्व (अर्धा माणूस, अर्धा घोडा) हे नेहमीचे विषय. मृताच्या विश्रांतीत विघ्न येऊ नये, म्हणून थडग्याच्या प्रवेशाशी त्यांना बसवीत. व्हुल्चीचे कारागीर नेनफ्रो हा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला करडा दगड वापरीत. तो मऊ आणि सच्छिद्र असल्याने बारीक नक्षी त्यात टिकत नाही. त्यामुळे अंग ठोकळेबाज ठेवून आयाळ आणि पंखांची पिसे रेषांनी कोरलेली दिसतात. क्यूसी या दुसऱ्या इट्रुस्कन शहराकडे मात्र चुनखडीच्या जातीचा दगड वापरत. तो फोडला की उग्र वास येतो.

इट्रुरियात, म्हणजे इट्रुस्कनांच्या प्रदेशात, त्या काळी सिंह नव्हते. पूर्वेकडून आलेल्या हस्तिदंती आणि धातूच्या वस्तूंवर, तसेच ग्रीसमधील कोरिंथच्या मातीच्या भांड्यांवर कारागिरांनी सिंह पाहिला आणि तिथूनच तो दगडात उतरवला. वासलेला जबडा, बाहेर लोंबणारी जीभ, गळ्याभोवती पट्ट्यासारखी आयाळ अशी त्याची ठेवण असते. शरीररचना चुकली म्हणून या मूर्तींना कमी लेखणे अन्यायाचे होईल. राखणदाराने धाक घालायचा असतो, आणि तो धाक त्यांत आजही पुरेपूर आहे.

व्हुल्चीचा नराश्व (सुमारे इ. स. पू. 590–580) रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. त्याचे पुढचे पाय माणसाचे आहेत. घोड्याचे धड मागे जोडलेले आहे. ग्रीक कलेतील नराश्वाचे हे जुने रूप.

1828 पासून व्हुल्चीत झपाट्याने उत्खनने झाली. नेपोलियनचा भाऊ, कानिनोचा राजपुत्र ल्यूसियाँ बोनापार्त त्यांत पुढे होता. ओढ होती ती चित्रित ग्रीक भांड्यांची. दगडी मूर्ती मूळ जागेवरून हलल्या, विकल्या गेल्या, आणि अनेकींचे थडगे कोणते हे कळण्याचा मार्गच खुंटला. हे नुकसान भरून येणारे नाही. म्हणून कोर्तोनाजवळच्या सोदो येथील दुसऱ्या मृत्तिकास्तूपाचे (थडग्यावरील मातीच्या उंचवट्याचे) मोल मोठे: तेथील दगडी जिन्याच्या कडेला श्वापदाशी झुंजणारा योद्धा जागच्या जागी सापडला.

सहाव्या शतकानंतर ही परंपरा मंदावली, पण सिंह टिकला. इ. स. पू. चौथ्या शतकापासूनच्या काही थडग्यांवर तो पंजाखाली भक्ष्याचे डोके दाबून बसलेला आढळतो.