गिटार अ‍ॅम्पच्या पेटीला पायपिंग: पुढची फळी कापण्याआधी वाचा

घरी पेटी बनवणारे बहुतेक ग्राहक पायपिंग घ्यायला सगळ्यात शेवटी येतात. प्लाय कापलेला असतो, रेक्झिन चढलेलं असतं, लॅमिंग्टन रोडवरून स्पीकरही आणलेला असतो, आणि मग कळतं की पायपिंग घातल्यावर पुढची फळी (जिच्यावर स्पीकर बसतो ती) पेटीत बसत नाही. म्हणून हे पत्रक आम्ही मोजमापाच्या वेळीच हातात देतो.

मार्शल या कंपनीच्या अ‍ॅम्पच्या पेट्यांवर जाळीच्या कापडाभोवती दिसते तशी पांढरी किंवा सोनेरी पायपिंग म्हणजे एक गोल दोरी आणि तिला जोडलेली चपटी पट्टी. पट्टी फळीच्या जाडीवर चिकटते, दोरी पुढच्या कडेवर बसून फट झाकते. त्यामुळे प्रत्येक बाजूला तीन थर जागा खातात: पेटीच्या आतलं रेक्झिन, फळीवर ताणलेलं जाळीचं कापड आणि ही पट्टी. प्रत्येकी साधारण 1 मिमी धरला तरी एका बाजूला 3 मिमी, म्हणजे फळी लांबीत आणि रुंदीत 6 मिमी कमी हवी. आमच्या अंदाजावर विसंबू नका. तिन्ही तुकडे एकावर एक दाबून मोजा, मग सुताराला माप द्या.

फळी 18 × 16 इंच असेल तर घेर 68 इंच होतो. 2 मीटर दोरी घ्या. जास्तीची उरू द्या, कारण मध्येच जोड दिला की तो दिसतोच.

लावण्याआधी स्पीकर काढून ठेवा. स्टेपलच्या पिना चुंबकाकडे ओढल्या जातात आणि स्पीकरच्या कोनचा (शंकूचा) कागद फाटायला एक पिन पुरते. कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) असेल तर अ‍ॅम्पची चासी, म्हणजे सर्किटची धातूची चौकटही बाहेर काढा, पण ती उघडू नका: प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

कापड ताणून मागे पिना मारून झाल्या की खालच्या कडेच्या मध्यापासून सुरुवात करा. सांधा तिथे कुणी बघत नाही. फेविकॉल एसआर 998 सारखा रबरी गोंद फळीच्या जाडीवर आणि पट्टीवर, दोन्हीकडे पातळ लावा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. मधूनमधून पिना मारल्यात तर हातोडीने पूर्ण बसवा, नाहीतर फळी आत सरकताना त्या रेक्झिन ओरबाडतात. फळीचे कोपरे पॉलिश पेपरने किंचित गोल करा आणि तिथे पट्टीला दोरीपर्यंत एक काप द्या. दोरी ताठ वाटली तर हेअर ड्रायरने कोमट करून वळवा. मात्र ओढून लावू नका. ताणलेलं पीव्हीसी (पायपिंगचं प्लास्टिक) नंतर आखडतं आणि सांध्यात फट पडते.

जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही हे काम शक्यतो टाळायलाच सांगतो. गोंदातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पकड कच्ची राहते. गणपतीत वाजवायचं असेल तर पेटी मे महिन्यात उरका. थांबणं शक्यच नसेल तर बंद खोलीत एसी लावून करा.

व्हॉक्स कंपनीच्या पेटीवरची सोनेरी दोरी वेगळी. तिला पट्टी नसते, ती खाचेत बसते आणि रेक्झिनच्या दोन तुकड्यांचा सांधा झाकते. खाच रेक्झिन चढवण्याआधी राउटरने (लाकडात खाच पाडायच्या यंत्राने) मारावी लागते, आणि दोन्ही तुकड्यांच्या कडा आत दुमडल्यावर दोरी घट्ट जाईल एवढीच रुंद हवी. आधी टाकाऊ प्लायवर करून बघा. पहिल्याच पेटीसाठी आम्ही हा प्रकार सुचवत नाही.

सोफ्याची कापडी पायपिंग स्वस्त मिळते, पण आतली सुती दोरी ओल धरते आणि धूळ बसली की पांढरी राहत नाही.

पायपिंगने आवाज सुधारत नाही, सैल राहिली तर बिघडतो मात्र. स्पीकर परत बसवल्यावर सहावी तार मोकळी, जरा जोरात वाजवा. 82 हर्ट्झच्या आसपास पेटी चांगलीच हादरते. कडेने खरखर आली तर तिथे बोट दाबून धरा. आवाज थांबला तर जागा सापडली: फळी काढा, तेवढीच पट्टी सोडवून पुन्हा चिकटवा.

फळीचं माप आणि रेक्झिनचा तुकडा घेऊन आलात तर जाडी दुकानातच मोजून देऊ.