पिंजऱ्याआधी कोठा: विदर्भातल्या बिबट-संघर्षाची पार्श्वभूमी

इंग्रजी अमदानीत मध्य प्रांत व वऱ्हाडात बिबट मारणाऱ्याला सरकार बक्षीस देई. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते दिवस संपवले. आज बिबट त्या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाशिवाय त्याची शिकार करता येत नाही. बंदूक गेली, आणि गावाची मागणी एकच उरली: पिंजरा लावा.

या पिंजऱ्याचा धडा मिळाला जुन्नरात. तिथल्या उसातले बिबट 2001 नंतर पकडून दूरच्या जंगलांत सोडले, तर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. परक्या मुलखात सोडलेला बिबट आपल्या जागेकडे परत निघतो, वाटेत गावं लागतात. इकडे मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येऊन बसतो. शिवाय शेळी बांधलेल्या पिंजऱ्यात हल्ला करणाराच शिरेल, याचा भरवसा नाही. म्हणून केंद्राच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याला विरोध आहे.

विदर्भात मात्र ऊस फारसा नाही, वाघ आहे. ताडोबा, मेळघाटातलं दाट रान वाघाचं. बिबट सरकतो कडेच्या झुडपी जंगलाकडे, जिथं गावची कुत्री, डुकरं, शेळ्या आयत्या मिळतात. चंद्रपूरलगत दुर्गापूर भागात कोळसा खाण आणि वीज केंद्राभोवती माजलेल्या झुडपानं तेच घडवलं.

खरी कमजोर जागा कोठ्याची, म्हणजे जनावरं बांधायच्या गोठ्याची. तुराट्या-पऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या-कपाशीच्या काड्यांचा कुड बिबट पंजानं सहज फाडतो. भिंत पुरुषभर उंच असली तरी वरून उघडी असेल तर उडी मारून आत येतो. आत कोंडलेल्या शेळ्यांना पळायला जागा नसते, त्यामुळे एकीवर न थांबता तो चार-पाच पाडतो. जाळी भिंतीपुरती नको, छतालाही हवी. खालची कड फूटभर जमिनीत पुरावी, नाहीतर उकरून शिरतो. दाराला दोरी नको, कडी हवी. अनेक ठिकाणी जाळी पक्की असते, फट राहते ती दाराखाली.

जनावर मारलं गेलंच तर 48 तासांत वनकर्मचाऱ्याला कळवावं आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवू नये. दुर्गंधीपायी ते ओढून नाल्यात टाकलं, की भरपाईचा दावा तिथंच अडतो.