‘डॉन कार्लोस’ची शिवून टाकलेली पाने

‘डॉन कार्लोस’ करायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, कोणता ‘डॉन कार्लोस’? इटालियन संगीतकार व्हेर्दीचा हा पाच अंकी फ्रेंच ऑपेरा 11 मार्च 1867 रोजी पॅरिस ऑपेरात आला, पण त्याआधीच त्याला कात्री लागली होती. तालमींत वेळ मोजली, तेव्हा प्रयोग मध्यरात्रीच्या आत संपेना, आणि उपनगरांतल्या प्रेक्षकांना शेवटची रेल्वेगाडी गाठायची असे. फोंतेनब्लोच्या जंगलातल्या लाकूडतोड्यांचा सुरुवातीचा प्रवेशही त्यात गेला. ही काटछाट घड्याळाने करायला लावली, हे त्याची प्रत सिद्ध करणाऱ्या संपादकाने विसरता कामा नये.

गाळलेली पाने व्हेर्दीच्या हस्तलिखितातून आणि कंडक्टरच्या प्रतीतून बहुतेक ठिकाणी काढूनच टाकली होती. 1969 मध्ये संगीताचे अभ्यासक डेव्हिड रोझेन यांनी कंडक्टरच्या प्रतीत दुमडलेला एक भाग दाखवून दिला. तो राजा फिलिप आणि राजपुत्र कार्लोसचा मित्र पोझा यांच्या युगुलगीतातला होता. त्यानंतर संगीत समीक्षक अँड्र्यू पोर्टर यांनी पार्ट, म्हणजे एकेका वादक-गायकाच्या वेगळ्या वह्या, उघडल्या. तिथली पाने चिकटवलेली, टाचलेली, नाहीतर दोऱ्याने शिवलेली होती. एकूण सुमारे 21 मिनिटांचे संगीत परत मिळाले.

पण पार्टांवरून स्कोअर, म्हणजे सगळ्यांचे सूर एकत्र दाखवणारी प्रत, उभा करणे हे किचकट काम आहे. दुसऱ्या क्लॅरिनेटच्या वहीत फक्त त्याचेच सूर असतात आणि बाकी ठिकाणी ‘इतके बार (तालाचे लिखित खंड) विश्रांती’ एवढाच आकडा. नकलनवीसाने हा आकडा एकाने चुकवला, तर तिथून पुढे ते वाद्य सगळ्यांच्या मागे किंवा पुढे पडते. म्हणून आधी प्रत्येक वहीतले बार मोजून बेरीज जुळवायची, मगच सूर उतरवायचे. बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजते, तेही ध्यानात ठेवायचे. शिवाय एका वहीत ‘हळू’ आणि शेजारच्या वहीत काहीच नाही, असे सर्रास आढळते. तिथे संपादकाला निर्णय घ्यावाच लागतो.

व्हेर्दी मात्र 1867 वर थांबला नाही. 1872 मध्ये नेपल्ससाठी त्याने फिलिप-पोझा युगुलगीत पुन्हा लिहिले. 1884 मध्ये मिलानच्या ला स्कालासाठी पहिला अंक गाळून चार अंक केले आणि तेच युगुलगीत आणखी एकदा बदलले. पहिल्या अंकातली कार्लोसची आरिया, म्हणजे एकट्याने गायचे गीत, त्याने सुधारून मठाच्या प्रवेशात नेली. 1886 मध्ये मोदेनाला पहिला अंक परत आला, तशी आरियाही जुन्या जागी गेली. म्हणूनच या आवृत्त्यांतले आवडते तुकडे वेचून जोडणे धोक्याचे आहे. 1884 च्या चार अंकांपुढे 1867 चा पहिला अंक नुसता ठेवला, तर आरिया दोनदा येते. संगीताच्या अभ्यासक उर्सुला ग्युंथर यांच्या संपादनाखाली रिकोर्डी या प्रकाशनसंस्थेने 1980 मध्ये काढलेल्या आवृत्तीत हे निरनिराळे पाठ एकत्र मिळतात, त्यामुळे निदान निवड डोळसपणे करता येते.

एका तुकड्याचा प्रश्न मात्र त्यानेही सुटत नाही. तुरुंगात पोझाच्या मृतदेहापाशी फिलिप आणि कार्लोस गातात, ते विलापगीत 1867 मध्ये गाळले गेले. त्याची धून व्हेर्दीने 1874 च्या ‘रेक्विएम’ या मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतातल्या ‘लाक्रिमोझा’ या भागात वापरली आणि 1884 मध्ये ते ऑपेरात परत घेतले नाही. आज ते परत घातले, की ‘रेक्विएम’ ओळखीचे असलेल्या श्रोत्याला तुरुंगाच्या प्रवेशात ‘लाक्रिमोझा’च ऐकू येते.