फिशिंग रॉडची बुचाची मूठ

फिशिंग रॉडची बुचाची मूठ : गळाने मासे पकडण्याच्या रॉडवर, हाताने धरण्याच्या जागी, बुचाच्या गोल चकत्या एकमेकींना चिकटवून व घासून आकाराला आणलेला भाग. स्वतःच्या हाताच्या मापाने आणि पकडायच्या माशाच्या हिशेबाने रॉड बांधणारे हौशी कारागीर निमुळती पोकळ काठी (ब्लँक), दोर जाण्याच्या कड्या आणि रीळ बसवण्याची बैठक बहुधा कारखान्यातून तयार आणतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्या हातून घडते ती मूठच, आणि रॉड हातात कसा बसेल हे मुख्यतः तिच्यावर ठरते.

काठीचे साहित्य काळानुसार बदलत गेले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागीर बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या जोडून षटकोनी काठी करीत आणि त्यासाठी कलकत्त्याहून येणारा बांबू वापरीत. पुढे त्याची जागा चीनमधील टोंकिन बांबूने, नंतर काचतंतूने आणि १९७० च्या दशकापासून कार्बनतंतूने घेतली. आता मुठीसाठी ईव्हीए फोम (स्पंजासारखे हलके प्लास्टिक) हाही वापरला जातो आणि तो स्वस्तही पडतो, पण ओल्या हातातून न निसटणारे, थंडीत गार न लागणारे आणि वजनाला हलके असे बूच अजून मागे पडलेले नाही.

हे बूच म्हणजे पश्चिम भूमध्य प्रदेशात वाढणाऱ्या क्वेर्कस सुबेर या ओकची साल होय. महाराष्ट्रात रस्त्याकडेला पांढऱ्या सुगंधी फुलांचा सडा घालणाऱ्या बुचाच्या झाडाशी तिचा काही संबंध नाही. जगातील सुमारे निम्मे बूच पोर्तुगालमध्ये निघते. झाड साधारण २५ वर्षांचे झाल्यावर त्याची साल पहिल्यांदा काढतात आणि पुढची तोड किमान ९ वर्षांनी होते. पहिल्या दोन तोडींची साल खडबडीत असते. बाटलीच्या बुचाला चालेल अशी एकसंध साल तिसऱ्या तोडीपासून मिळते. चांगल्या चकत्या महाग का असतात, ते यावरून उमगते.

बाजारात मिळणारी चकती बहुधा अर्धा इंच जाड, सव्वा इंच व्यासाची आणि मधोमध पाव इंचाचे भोक असलेली असते. फ्लाय रॉडच्या (माशीसारखे हलके कृत्रिम आमिष फेकण्याच्या रॉडच्या) सात इंची मुठीला अशा १४ चकत्या लागतात. चिकटवण्यापूर्वी त्या नुसत्याच ओळीने लावून पाहतात : खड्डे कमी असलेल्या चकत्या तळवा व अंगठा टेकतो तिथे येतील, आणि शेजारच्या दोन चकत्यांचे खड्डे एका रेषेत येणार नाहीत, अशा बेताने त्या फिरवून घेतात. मग मेण लावलेल्या आट्यांच्या गजावर त्या ओवून प्रत्येक सांध्याला पाण्याने न सुटणारा गोंद पातळ लावतात आणि दोन्ही टोकांचे वॉशर व नट आवळून गज रात्रभर तसाच ठेवतात. इथे हात सैल सोडून चालत नाही. वाळलेला गोंद बुचापेक्षा कठीण असल्यामुळे सांध्यात त्याचा थर जाड राहिला, तर वापराने बूच झिजत जाते आणि गोंदाची कड बोटाला लागू लागते.

आकार देण्यासाठी गज लेथवर किंवा पक्क्या बसवलेल्या ड्रिल मशीनवर फिरवतात. पटाशीने बुचाचे तुकडे उडतात, म्हणून सगळे काम सँडपेपरवरच होते : प्रथम ८० नंबर, मग १२० व २२०, शेवटी ४००. कॅलिपरने जाडी वारंवार मोजावी लागते, कारण बूच अपेक्षेपेक्षा लवकर उतरते. भुकटी बारीक असल्याने तोंडावर मास्क आवश्यक आहे. मात्र ती फेकत नाहीत, गोंदात कालवून उरलेले खड्डे तिनेच बुजवतात. आकारांपैकी दोन्ही टोकांना फुगीर असलेला फुल वेल्स जड रॉडला शोभतो, तर सिगारसारखा दोन्हीकडे निमुळता होत जाणारा आकार हलक्या रॉडवर जास्त दिसतो.

सर्वांत नाजूक काम आतल्या भोकाचे. काठी निमुळती असल्याने भोकही मागे रुंद व पुढे अरुंद हवे. त्यासाठी टाकून दिलेल्या रॉडच्या तुकड्यावर सँडपेपरची पट्टी सर्पिल गुंडाळून चिकटवतात आणि तो आत फिरवत राहतात. दर थोड्या वेळाने मूठ काठीच्या बारीक टोकाकडून सरकवून पाहायची आणि ठरलेल्या जागेच्या थोडी अलीकडे अडली की थांबायचे. भोक मोठे झाले तर मूठ मध्यावरून ढळते आणि ती पोकळी इपॉक्सीने (दोन घटक मिसळून कठीण होणाऱ्या गोंदाने) भरून काढावी लागते, ज्याने वजन विनाकारण वाढते. त्यानंतर सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने मूठ व रिळाची बैठक बसवतात, बैठकीच्या रेषेत कड्या दोऱ्याने बांधतात आणि त्या दोऱ्यावर इपॉक्सीचा लेप देतात. लेप ओघळू नये म्हणून तो घट्ट होईपर्यंत रॉड छोट्या मोटरवर संथ फिरत ठेवतात.

मूठ मळली की साबणाच्या पाण्याने धुता येते. बूच झिजून मूठ पूर्ण बदलायची वेळ आली, तर नवी मूठ बारीक टोकाकडूनच चढवावी लागत असल्याने तिच्या वाटेतील कड्या आधी सोडवाव्या लागतात. चार भागांत सुटणाऱ्या रॉडच्या तळच्या भागावर बहुधा एकच कडी असते, त्यामुळे तिथे हे काम बरेच सोपे होते.