पायांवर चालणारी लढाऊ वाहने

चाके किंवा साखळपट्टे यांच्याऐवजी सांधे असलेल्या पायांवर चालणारी, शस्त्र व चिलखत वाहून नेण्यासाठी कल्पिलेली यंत्रे. अवजड लढाऊ वाहन म्हणून ती कोणत्याही सैन्यात रुळलेली नाहीत. ओझे वाहणारी व टेहळणी करणारी लहान चतुष्पाद यंत्रे मात्र वापरात येऊ लागली आहेत.

या कल्पनेतील तथ्य विदर्भातील कोणत्याही पांदण रस्त्यावर श्रावणात दिसते. इथल्या भारी काळ्या जमिनीतील चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वाफसा नसताना बंडी (बैलगाडी) आसापर्यंत फसते, बैल मात्र पाय उपसत निघतात. याचे कारण कमी दाब हे नव्हे. बैलाच्या खुराखालचा दाब रणगाड्याच्या पट्ट्याखालच्या दाबाहून सहसा जास्तच भरतो. चाकाला समोरचा चिखल सतत रेटावा लागतो, पाय मात्र सरळ वर काढून दुसरीकडे टेकवता येतो. बांध, नाला, दगडांची रास यांनाही हेच लागू.

अडचण वजनाची आहे. रणगाडा ४० टनांचा असला, तरी पट्ट्यांच्या लांबीरुंदीमुळे जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम १ किलो भार पडतो. तेवढेच वजन चालताना दोन पायांवर आले, तर प्रत्येक पाऊल २ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे १.६ मीटर व्यासाचे लागेल. असे पाऊल चिखलातून उपसणे सोपे नाही. शिवाय पायांमुळे उंची वाढते आणि शत्रूला नेम धरायला सोपे जाते. पट्टा तुटलेला रणगाडा जागेवरून तोफ डागू शकतो. गुडघा निकामी झालेले यंत्र कलंडते. पायांवर चालणाऱ्या रणगाड्याचा विचार खरे तर इथेच संपतो.

जनरल इलेक्ट्रिकने १९६० च्या दशकात राल्फ मोशर यांच्या आराखड्यावरून अमेरिकी सैन्यासाठी चार पायांचे यंत्र बनवले. चालक हातांनी पुढचे आणि पायांनी मागचे पाय हलवी. थोड्याच वेळात तो थकून जाई. १९८० च्या दशकात ओहायो राज्य विद्यापीठाच्या सहा पायांच्या वाहनात पायांचा ताळमेळ संगणकाकडे गेला. पुढे बॉस्टन डायनॅमिक्स या अमेरिकी कंपनीचे 'एलएस३' हे चार पायांचे यंत्र सुमारे १८० किलो ओझे घेऊन चाले, पण इंजिनाच्या आवाजाने तुकडीचा ठावठिकाणा उघड होई. २०१५ च्या अखेरीस ते बाजूला ठेवले गेले.

भारतीय सेनेने 'म्यूल' ही बॅटरीवरील चतुष्पाद यंत्रे १५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यातील सेनादिन संचलनात दाखवली. विदर्भापुरते बोलायचे, तर अशा यंत्राला वाव गडचिरोलीसारख्या भूभागात. तिथे धोका रस्त्यावरच असे: १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंग स्फोटात पोलिसांच्या शीघ्र प्रतिसाद पथकाचे १५ जवान आणि वाहनचालक ठार झाले. म्हणून जंगलातील मोहिमा पायी होतात आणि शिधा, पाणी, दारूगोळा पाठीवर जातो. त्यातले थोडे ओझे यंत्राने उचलले तरी उपयोग आहे; मात्र मोहीम अनेक दिवसांची असेल, तर जादा बॅटऱ्यांचे वजनही त्या ओझ्यातच धरावे लागते.