जुन्या टीव्हीला संगणक जोडताना

सोलापुरात विडी घरकुलात किंवा अशोक चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत अजूनही काही घरांत जाड पाठीचा, पिक्चर ट्यूबचा टीव्ही चालू असतो. अशा घरात कुणीतरी वापरलेला सीपीयू स्वस्तात आणतं. मॉनिटरला पैसे उरलेले नसतात, तेव्हा सहज प्रश्न येतो: हा टीव्हीच का जोडू नये? जोडता येतो. फक्त पडद्यावर काय नीट दिसेल आणि काय दिसणार नाही, हे आधी समजून घेतलं तर पैसे वाया जात नाहीत आणि चांगला टीव्ही भंगारातही जात नाही.

अडचण वायरची नाही, भाषेची आहे. आजच्या संगणकाच्या एचडीएमआय सॉकेटमधून आकडे बाहेर पडतात, प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगणारे. जुन्या टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला हवा असतो सतत कमी-जास्त होणारा विजेचा दाब. म्हणून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला पिवळी-लाल-पांढरी पिन असलेली नुसती केबल घेऊन उपयोग नाही. मध्ये चिप असलेली डबी लागते आणि तिला यूएसबीतून ५ व्होल्ट द्यावे लागतात. नवी पेठेतल्या दुकानात मागताना ‘एचडीएमआय टू एव्ही’ असं स्पष्ट सांगा. ‘एव्ही टू एचडीएमआय’ ही हुबेहूब तशीच दिसणारी डबी नेमकं उलटं काम करते. संगणकाला फक्त निळं व्हीजीए सॉकेट असेल, तर त्यासाठीची वेगळी डबी मिळते. आणि टीव्हीला पिवळं सॉकेटच नसेल, नुसतं अँटेनाचं असेल, तर आणखी एक मॉड्युलेटर जोडून संगणकाचं चित्र एखाद्या चॅनेलसारखं आत सोडावं लागतं. तिथे चित्र आणखी बिघडतं. माझ्या मते त्या खर्चात जुना मॉनिटर घ्यावा.

आता खरा मुद्दा. जोडणी झाली, सिनेमा छान दिसला, पण अक्षरं वाचता येईनात. असं का?

भारतात १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण सुरू झालं ते पाल (PAL) नावाच्या पद्धतीवर. या पद्धतीत एका चित्रात ६२५ आडव्या रेषा असतात, त्यांतल्या ५७६ रेषांमध्ये प्रत्यक्ष चित्र असतं. संगणकाचं १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं चित्र या ५७६ रेषांत बसवायचं म्हणजे जवळपास निम्म्या रेषा आधीच गेल्या. आडव्या दिशेला तर नुकसान आणखी जास्त. एक रेषा काढायला टीव्हीला ६४ मायक्रोसेकंद मिळतात, त्यांतले ५२ चित्राचे. सिग्नल सेकंदाला सुमारे ५० लाख वेळा हेलकावू शकतो आणि एका हेलकाव्यात एक उजळ, एक गडद असे दोन ठिपके बसतात, म्हणजे एका रेषेत फार तर पाचशेच्या आसपास ठिपके वेगळे ओळखू येतात. जाड टॉवेलसाठी बांधलेल्या मागावर तलम साडी उतरत नाही, तसंच हे. माग बिघडलेला नसतो.

रंगांची गत त्याहून वाईट. काळ्या-पांढऱ्या चित्राच्या सिग्नलवरच सेकंदाला सुमारे ४४ लाख हेलकाव्यांच्या, म्हणजे ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या लहरीवर बसवून रंग पाठवले जातात, आणि त्यांच्या वाट्याला फारच थोडी जागा येते. एका रेषेत जेमतेम सव्वाशे-दीडशे रंगबदल उमटतात. म्हणून निळ्यावर लाल अक्षरं लिहिली की ती एकमेकांत वाहून जातात. पांढऱ्यावर काळी मोठी अक्षरं टिकतात, कारण तिथे रंगाचं कामच नसतं. याचीच दुसरी बाजू म्हणजे बारीक पट्ट्यांचा शर्ट. त्या पट्ट्यांची हेलकावणी ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या जवळ गेली की टीव्ही त्यांना रंग समजतो आणि काळ्या-पांढऱ्या शर्टावर इंद्रधनुष्य धावायला लागतं. टीव्हीला एस-व्हिडिओचं गोल सॉकेट असेल तर ते जरूर वापरावं. त्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून येतात, त्यामुळे हा गोंधळ बराचसा थांबतो.

पडद्यावरची थरथरही याच पद्धतीतून येते. टीव्ही सगळ्या रेषा एका दमात काढत नाही. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात विषम रेषा, पुढच्या पन्नासाव्या भागात सम. माणसाचा चेहरा दोन्हींत पसरलेला असतो, त्यामुळे डोळ्याला काही जाणवत नाही. पण संगणकाच्या खिडकीची एक ठिपका जाडीची कड फक्त एकाच फेरीत येते आणि सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. चांगली डबी शेजारच्या रेषा थोड्या मिसळून ही थरथर कमी करते, अर्थात तेवढी धारही जाते.

म्हणून संगणकाचं रिझोल्यूशन ८०० गुणिले ६०० किंवा १२८० गुणिले ७२० ठेवा, अक्षरं दीडपट करा. डबीवर पाल आणि एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) असा खटका असतो, तो पालवर हवा, नाहीतर चित्र वर-खाली धावतं किंवा काळं-पांढरं दिसतं. कडेचा थोडा भाग टीव्ही चौकटीमागे लपवतोच, त्यामुळे कोपऱ्यातलं घड्याळ गायब झालं तर घाबरू नका. मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ, सिनेमे, जुने गेम यांना हा पडदा उत्तम. हिशेबाची वही आणि लांब लिखाण त्यावर करू नका, डोळे शिणतात. चार-पाच फुटांवरून पाहिलं तर चित्र आपोआप नेटकं वाटतं, कारण ते मुळात दुरून पाहण्यासाठीच आखलेलं आहे.

एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशी ओलांडतं. तेव्हा ती डबी टीव्हीच्या पाठीवर ठेवू नका, तिथून आधीच गरम हवा वर येत असते.

आणि एक काळजी अगदी मनापासून सांगतो. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नाही. अशा वेळी संगणकाच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर शंभरेक व्होल्टचा दाब येतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण पिन लावताना तो डबीतून टीव्हीत उतरतो आणि चिप जाळू शकतो. आधी अर्थिंग करून घ्या. केबल लावताना संगणक आणि टीव्ही दोन्हींचे प्लग काढा, टीव्हीला लागलेली केबलवाल्याची वायरही काढा, मग जोडा. दोन्ही एकाच बोर्डावर लावले की चित्रात सरकणारे आडवे पट्टेही बहुधा कमी होतात. टीव्हीचं मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ टिकून राहू शकतो.